एक खोली, दोन चिठ्ठ्या

काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयाच्या वसतिगृहाची देखरेख माझ्याकडे होती. जून महिना, प्रवेशाचे दिवस. बाहेरगावची मुले ट्रंका आणि वळकट्या घेऊन ओसरीवर बसलेली. काम लवकर उरकावे म्हणून मी एकाऐवजी दोन कारकून बसवले. दोघांची टेबले वेगळी, पण खोल्यांची वही एकच. ती मधल्या टेबलावर. कारकुनाने उठावे, वहीत रिकामी खोली पाहावी, आपल्या टेबलाशी येऊन मुलाला चिठ्ठी लिहून द्यावी आणि मग वहीत त्या खोलीपुढे मुलाचे नाव घालावे, असा क्रम होता.

त्या दिवशी दुपारी पहिल्या कारकुनाने वही पाहिली. नऊ नंबरची खोली रिकामी. तो चिठ्ठी लिहायला वळला. तेवढ्यात दुसऱ्याने वही पाहिली. नऊ नंबर रिकामीच, कारण पहिल्याने नाव अजून घातलेच नव्हते. झाले! एकाच खोलीच्या दोन चिठ्ठ्या दोन मुलांच्या हाती पडल्या. एकाने वर जाऊन सामान टाकले, कुलूप लावले आणि तो जेवायला गेला. दुसरा उशिरा वर गेला, तो दाराला कुलूप. खाली येतो तोवर कचेरी बंद झालेली आणि गावाकडची शेवटची एस. टी. निघून गेलेली. पोराने ती रात्र स्टँडवर ट्रंकेला टेकून काढली.

सकाळी तो माझ्यापुढे उभा राहिला आणि चिठ्ठी पुढे करून म्हणाला, "सर, ही चिठ्ठी खोटी आहे का हो?"

चिठ्ठी खोटी नव्हती. सही खरी, शिक्का खरा. मी दोन्ही कारकुनांना बोलावले. पहिला म्हणाला, "मी पाहिलं तेव्हा खोली रिकामी होती." दुसराही तेच म्हणाला, आणि दोघेही खरे बोलत होते. दोघांनीही मी घालून दिलेला क्रम तंतोतंत पाळला होता. तरी एक मुलगा रात्रभर उघड्यावर राहिला.

ही हकिगत सांगण्याचे कारण असे, की आपल्या खिशातल्या मोबाइलमध्ये, बँकेच्या संगणकात, तालुक्याच्या कचेरीतल्या यंत्रात अशीच दोन चिठ्ठ्यांची भानगड क्षणोक्षणी होऊ पाहत असते. ती होऊ नये म्हणून यंत्राच्या आत मोठी व्यवस्था करावी लागते. या भानगडीला संगणकशास्त्रात 'रेस कंडिशन' म्हणतात. आपण तिला 'शर्यत' म्हणू. आजच्या भाषणात ही शर्यत कशी लागते, ती कशी आवरतात आणि एकदा ती नऊ वर्षे कोणाच्या ध्यानात न येता कशी राहिली, हे सांगण्याचा विचार आहे.

प्रथम वसतिगृह कोठे आहे ते पाहू. संगणकाचे चालू काम ज्या जागेत ठेवलेले असते तिला मेमरी म्हणतात. ही जागा सोयीसाठी सारख्या आकाराच्या लहान लहान भागांत वाटलेली असते. त्या भागाला 'पेज', म्हणजे पान, असे नाव आहे. साधारणतः एका पानात ४०९६ बाइट मावतात. एक बाइट म्हणजे रोमन लिपीतील एक अक्षर, असा ढोबळ हिशेब धरा. ८ जीबी मेमरीच्या मोबाइलमध्ये अशी सुमारे २१ लाख पाने होतात. आमच्या वसतिगृहाला खोल्या अठ्ठेचाळीस, इथे एकवीस लाख! कोणते पान कोणत्या प्रोग्रॅमला दिले, कोणते रिकामे झाले, याची वही ठेवणारा एक कारभारी लागतो. तो कारभारी म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम. अँड्रॉइड मोबाइलच्या मुळाशी 'लिनक्स' नावाचा कारभारी असतो. फिनलंडमध्ये शिकत असताना लिनस टॉरवल्ड्स याने १९९१ साली तो लिहावयास घेतला. पुढे जगभरच्या लोकांनी त्यात भर घातली.

आता कारकून कोण? तर प्रोसेसर. प्रत्यक्ष काम करणारा तो. पूर्वी घरगुती संगणकात प्रोसेसर एकच असे. २००५ साली इंटेल आणि एएमडी या कंपन्यांनी एकाच चकतीवर दोन प्रोसेसर असलेले संगणक घरोघरी पोचवावयास सुरुवात केली. आज साध्या मोबाइलमध्येही बहुधा आठ असतात. म्हणजे टेबले आठ, वही मात्र एक. एकाच कारकुनाच्या काळात शर्यत अगदीच नव्हती असे नाही. तो एक काम अर्धवट टाकून दुसरे हाती घेई, तेव्हाही गोंधळ होऊ शके. पण आता तर आठ हात एकाच वेळी वहीकडे जातात.

शर्यतीचे मूळ कोठे आहे? ते आहे 'पाहणे' आणि 'करणे' यांच्या मधल्या फटीत. पाहणे बरोबर होते. करणेही बरोबर होते. पण पाहिले तेव्हाची स्थिती करताना उरलेली नव्हती.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना हे वर्गात पाच मिनिटांत दाखवता येईल. फळ्यावर १० हा आकडा लिहा. दोन मुलांना सांगा: फळ्यावरचा आकडा वाचायचा, वर्गाच्या मागच्या भिंतीपर्यंत जायचे, मनात एक मिळवायचा, परत येऊन जुना आकडा पुसून नवा लिहायचा. एकापाठोपाठ एक सोडा, फळ्यावर १२ येतील. आता दोघांना एकदम सोडा. दोघेही १० वाचतील, दोघेही ११ लिहितील. एकाची मेहनत पाण्यात गेली. कोणाची बेरीज चुकली, असे विचारा. मुले बराच वेळ बुचकळ्यात पडतात. हीच खरी शिकवणी होय. संगणकात 'एक मिळव' ही गोष्ट वरून एक दिसते, पण ती बहुतेक वेळा वाचणे, मिळवणे आणि लिहिणे अशा तीन पायऱ्यांनी होते.

मनुष्य आणि यंत्र यांत एक फरक मात्र आहे. आमचा दुसरा कारकून वहीत नाव घालायला गेला तेव्हा त्याला तेथे आधीच नाव दिसले, आणि तो थबकला. उशिरा का होईना, चूक त्याला कळली. यंत्र थबकत नाही. त्याला 'लिही' सांगितले की ते असलेल्यावर लिहिते. पहिले नाव पुसले जाते आणि ते पुसले गेले याची खूणही राहत नाही.

मेमरीच्या कारभारात याहून नाजूक असा आणखी एक प्रकार आहे. समजा, वहीपाशी सारखे जायला नको म्हणून प्रत्येक कारकुनाने खिशात आपली एक चिठ्ठी ठेवली: अमका मुलगा तमक्या खोलीत. काम झटपट होते. प्रोसेसर हेच करतो. कोणत्या प्रोग्रॅमचे कोणते पान मेमरीत प्रत्यक्ष कोठे आहे, हे तो जवळच्या एका छोट्या टिपणात ठेवतो. या टिपणाला 'टीएलबी' म्हणतात. आता एका मुलाने खोली सोडली, वहीत ती नव्या मुलाच्या नावे झाली, पण दुसऱ्या कारकुनाच्या खिशातली चिठ्ठी जुनीच राहिली. जुन्या मुलाची ट्रंक घेऊन हमाल आला, तर तो कारकून त्याला बिनदिक्कत नव्या मुलाच्या खोलीत पाठवील. संगणकात याचा अर्थ असा, की एका प्रोग्रॅमचा हात दुसऱ्याच्या खाजगी पानावर पडतो. तुमच्या बँकेच्या पासवर्डचे पान दुसऱ्याच कोणाला वाचता येते.

म्हणून कारभाऱ्याला एक शिस्त पाळावी लागते. पान काढून घेतले की ज्या ज्या प्रोसेसरच्या टिपणात त्याची नोंद असू शकेल, त्या सर्वांना हाक मारायची: "हातातलं थांबवा, जुनी नोंद खोडा." सर्वांकडून "खोडली" असा जबाब आल्यावरच ते पान दुसऱ्याला द्यायचे. यात वेळ जातो, आणि वेळ वाचवण्याच्या नादात एखाद्या चतुर प्रोग्रॅमरने जबाबाची वाट न पाहता पान पुढे दिले, की शर्यत सुरू झालीच म्हणून समजा.

आता शर्यत आवरायची कशी? आमच्या वसतिगृहात दुसऱ्या दिवशीपासून एक नियम झाला. वहीपाशी एक लाकडी ठोकळा ठेवला. ज्याच्या हातात ठोकळा त्यानेच वही उघडायची. खोली पाहायची, नाव घालायचे आणि मगच ठोकळा खाली ठेवायचा. दुसऱ्याने तोवर थांबायचे. यात नवे काही नाही. रेल्वेच्या एकेरी मार्गावर पूर्वापार हीच युक्ती होती. स्टेशनमास्तरने दिलेले टोकन ड्रायव्हरच्या हाती असल्याशिवाय गाडी पुढच्या टप्प्यात शिरत नसे, आणि त्या टप्प्याचे टोकन एका वेळी एकच बाहेर निघे.

संगणकात या ठोकळ्याला 'लॉक', म्हणजे कुलूप, म्हणतात. एड्सगर डायक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञाने १९६५ साली याविषयी एक अगदी छोटा, जेमतेम पानभराचा लेख प्रसिद्ध केला. अनेक यंत्रे एकाच वेळी चालू असता नाजूक कामाच्या जागी एका वेळी एकच कसे शिरेल, हा त्याचा प्रश्न. त्याच सुमारास त्याने अशा कामासाठी जी युक्ती काढली तिला नाव दिले 'सेमाफोर', म्हणजे रेल्वेचा हात वरखाली करणारा सिग्नल. शास्त्रज्ञाची नजरही आधी रुळांकडेच गेली होती!

येथे एखादा चौकस श्रोता विचारील, "पण ठोकळा उचलतानाच दोघांत शर्यत लागली तर?" प्रश्न बिनतोड आहे. 'ठोकळा जागेवर आहे का' हे पाहणे आणि तो उचलणे, याही दोन पायऱ्या आहेत आणि त्यांच्या मध्येही फट आहे. ती फट केवळ नियम करून बुजत नाही. ती यंत्राच्या घडणीतच बुजवावी लागते. म्हणून प्रोसेसरमध्ये काही खास आज्ञा असतात. त्या पाहणे आणि बदलणे एकाच दमात, मध्ये कोणाला शिरू न देता, करतात. आयबीएमच्या सिस्टिम ३७० या यंत्रांत १९७० च्या दशकात अशी 'ताडून पाहा आणि बदल' ही आज्ञा होती. आजच्या प्रोसेसरांतही तिची भावंडे आहेत. सारी कुलपे शेवटी या पायावर उभी असतात.

मग प्रत्येक गोष्टीला एकच मोठे कुलूप लावून मोकळे का होऊ नये? लिनक्सने आरंभी तेच केले. १९९६ साली त्याची दुसरी आवृत्ती अनेक प्रोसेसरांवर चालू लागली, तेव्हा सगळ्या कारभाराला मिळून एकच मोठे कुलूप होते. गोंधळ टळला, पण आठ कारकुनांपैकी सात जण ठोकळ्याची वाट पाहत उभे राहणार असतील तर आठ नेमायचे कशाला? म्हणून हळूहळू या कामाचे वेगळे, त्या कामाचे वेगळे, अशी लहान लहान कुलपे झाली. ते मोठे कुलूप पूर्णपणे निघावयास २०११ साल उजाडले. लहान कुलपांचीही स्वतःची डोकेदुखी असते. एकाकडे कोठाराची किल्ली आणि त्याला हवी कपाटाची. दुसऱ्याकडे कपाटाची आणि त्याला हवी कोठाराची. दोघेही एकमेकांची वाट पाहत जन्मभर उभे! त्यावर उपाय म्हणून किल्ल्या घेण्याचा क्रम ठरवून द्यावा लागतो: आधी कोठार, मग कपाट, कोणीही असो.

इतकी शिस्त असूनही फट राहते. कशी, ते एका खऱ्या उदाहरणाने सांगतो. गुरुजींना ते चटकन कळेल, कारण शाळेतले जनरल रजिस्टर त्यांच्या परिचयाचे आहे.

जनरल रजिस्टरात मुलाची जन्मतारीख असते. ते कोणालाही पाहता यावे, पण त्यात खाडाखोड करता येऊ नये. समजा, शाळेने अशी सोय केली: पाहायचे असेल तर मूळ रजिस्टर पाहा. काही लिहून पाहायचे असेल तर त्या पानाची नक्कल करून देऊ, त्या नकलेवर वाटेल ते लिहा. मेमरीतही अशीच सोय आहे. अनेक प्रोग्रॅम एकच पान वाचत असतील तर सर्वांना तेच दाखवायचे. ज्याला लिहायचे असेल त्याच्यापुरती नक्कल करायची. या पद्धतीला 'कॉपी ऑन राइट' म्हणतात. जागा वाचते, वेळही वाचतो. पद्धत उत्तम आहे.

आता दोन लबाड इसम येतात. पहिला म्हणतो, "मला या पानावर लिहायचं आहे." कारकून नियमाप्रमाणे नक्कल करतो आणि टेबलावर ठेवतो. नक्कल झाली, आता लिहिण्याची चिंता नको, असे समजून तो आपल्या टिपणातला 'लिहिण्यासाठी' हा शब्द खोडतो. नेमक्या त्याच क्षणी दुसरा इसम ती नक्कल उचलून टोपलीत टाकतो. तसे करण्याची त्याला मुभा आहे, कारण नक्कल त्यांचीच. कारकून वळून पाहतो तो टेबलावर पान नाही. टिपणात आता एवढेच उरले आहे: 'यांना पान द्या.' लिहिण्याचा उल्लेख नाही, म्हणजे नुसते वाचायचे असणार! तो मूळ रजिस्टर पुढे ठेवतो. आणि पहिला इसम, ज्याच्या हाती लेखणी तयारच आहे, मूळ जन्मतारखेवर आपली तारीख लिहितो.

लिनक्समध्ये हुबेहूब असाच दोष होता. कॉपी ऑन राइट याची इंग्रजी आद्याक्षरे जुळवली की 'काऊ', म्हणजे गाय, होते. म्हणून लोकांनी या दोषाला 'डर्टी काऊ' असे नाव ठेवले. एका यत्नात नेम साधेलच असे नाही. पण यंत्राला कंटाळा नसतो. दोन्ही इसम हाच खेळ हजारो वेळा करतात आणि कधीतरी नेमका क्षण सापडतोच. तो सापडला की सामान्य वापरकर्ता संगणकाच्या धन्याच्या फायलीत फेरफार करून स्वतः धनी होऊन बसतो. दप्तरात त्याची सहसा नोंदही राहत नाही.

हा दोष २००७ सालच्या आवृत्तीपासून होता आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये तो दुरुस्त झाला. मधली नऊ वर्षे जगातले असंख्य सर्व्हर आणि अँड्रॉइड मोबाइल त्याच्यासह चालत होते. तो सापडला तो चाचणीत नव्हे. एका सर्व्हरवर हल्ला झाला होता, त्याच्याकडे आलेल्या संदेशांची नोंद एका जाणकाराने ठेवली होती, तीत त्याला हे हत्यार सापडले. म्हणजे चोराला फट ठाऊक होती, घरधन्याला नव्हती!

पण मला सर्वांत विचार करावयास लावणारी गोष्ट याच्या पुढची आहे. दुरुस्ती करताना टॉरवल्ड्स याने मोकळेपणाने नमूद केले, की ही शर्यत आपल्याला अकरा वर्षांपूर्वी, म्हणजे २००५ सालीच दिसली होती. आपण ती बुजवण्याचा प्रयत्न केला, पण तो नीट साधला नाही. दुसऱ्या एका प्रकारच्या यंत्रांवर अडचण आली म्हणून ती दुरुस्ती मागे घेतली गेली. त्या वेळी ही शर्यत केवळ कागदावरची वाटत होती. पुढे मेमरीचा कारभार अनेक हातांनी वेगाने चालावा अशा सुधारणा होत गेल्या आणि ती प्रत्यक्षात घडवणे सोपे झाले. इतकेच नव्हे, तर २०१६ च्या दुरुस्तीतही मोठ्या आकाराच्या पानांपुरती एक फट राहून गेली होती. ती २०१७ च्या अखेरीस उघडकीस आली आणि मग बुजवली गेली.

हे सारे नाणावलेले लोक. त्यांचा लेख जगभरचे हजारो डोळे वाचत होते. तरी असे का व्हावे? कारण शर्यतीचा दोष चाचणीला सहज दाद देत नाही. साधी चूक असेल तर प्रोग्रॅम दर वेळी चुकतो आणि आपण त्याला पकडतो. शर्यत लाखांत एकदा लागते, आणि पाहायला बसावे तर त्या पाहण्यानेच कामाचा वेग बदलून ती नाहीशी होते. मग "आमच्याकडे असं कधी झालं नाही," असे म्हणून माणूस तिला सोडून देतो. मीही आमची पद्धत तीन वर्षे निर्धोक मानली होती. पण ती निर्धोक नव्हती, फक्त गर्दी कमी होती. टेबले वाढली, घाई वाढली, आणि फट जितकी होती तितकीच असूनही मुलगा तीत सापडला.

आपण सामान्य माणसांनी यातून काय घ्यावे? एक साधी गोष्ट सांगतो. मोबाइलवर 'अपडेट करा' अशी सूचना येते तेव्हा "नंतर पाहू" म्हणून आपण ती सारतो. त्या अपडेटमध्ये पुष्कळदा अशाच एखाद्या बुजवलेल्या फटीची दुरुस्ती असते. ती जाहीर होते त्या दिवशी फट कोठे होती हे चोरालाही कळते. म्हणून उशीर परवडत नाही. ज्या जुन्या मोबाइलला कंपनी अपडेट पाठवीतच नाही, त्यावर निदान पैशाचे व्यवहार करू नयेत, हे बरे.

आणि दुसरी गोष्ट, जी मला त्या मुलाने शिकवली. त्याला दुसऱ्या दिवशी अकरा नंबरची खोली मिळाली आणि पुढे तीन वर्षे तो वसतिगृहात राहिला. ठोकळ्याचा नियम झाल्यावर ओसरीवरची रांग लांबली. काही पालक कुरकुरले, "दोन माणसं बसवली आहेत, मग एक नुसता उभा का?" त्यांना मी त्या रात्रीची हकिगत सांगत असे. त्यानंतर स्टँडवर झोपण्याची पाळी कोणावर आली नाही. उभा राहिलेला कारकून मला रिकामा दिसत असे, हीच तर माझी मूळ चूक होती.